हेल्मीच्या लाल रेषा

तैस्तो हार्यू वारला त्याला दोन हिवाळे झाले. गावात त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, हट्टी होता. होताच. पण हट्ट कशाचा होता ते फार कमी जणांना ठाऊक आहे.

आम्ही दोघं खनिजाच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या कारखान्यात होतो. मी लेथवर, तो रिव्हेटवर. रिकाम्या वाघिणीत उतरायचं, जाड लोखंडी ठोकळा आतल्या बाजूने रिव्हेटला टेकवून धरायचा, आणि बाहेरून घण पडत राहायचा. पोलादाची रिकामी पेटी आणि आत माणूस. चाळिशीला आला तोवर त्याचे कान संपले होते. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्याला कळे. बारीक आवाज गेले ते गेलेच. मोटारसायकलचं इंजिनसुद्धा त्याला मांड्यांनी कळायचं.

आणि अशा माणसाने घेतली ती लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल. पुढे छातीएवढं प्लास्टिकचं कवच, दोन्ही बाजूंना डबे, मागे आरामखुर्चीसारखी बैठक. अशी गाडी निम्मी लोखंडाची असते, निम्मी प्लास्टिकची. लोखंड बोल्टांनी धरलेलं असतं, प्लास्टिक बारक्या स्क्रूंनी. लोखंड बरंच सोसून घेतं. प्लास्टिक सोसत नाही. त्यात आमच्याकडचे रस्ते. हिवाळ्यात खालची जमीन गोठून फुगते, वसंतात खचते, आणि डांबरात पायऱ्या पडतात. एका लांब फेरीत एक तरी स्क्रू सैल होणारच. सैल झालेला स्क्रू आधी वाजतो. मग आपलं भोक मोठं करतो. मग रस्त्यात पडतो, आणि त्याच्यामागून पॅनेल जातं. म्हणून तो वाजतो तेव्हाच ऐकावा लागतो.

ऐकायचं काम हेल्मीचं होतं. हेल्मी त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सगळी नोकरी झाली. चुलीकडे पाठ करून उभी असली तरी कुठल्या पातेल्यातलं पाणी आटत आलंय ते ती झाकणाच्या आवाजावरून सांगायची. मोटारसायकलवर मागे बसली की डावा हात डाव्या डब्याच्या झाकणावर, उजवा उजव्या. कान आणि तळवे दोन्ही कामाला. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे वाजतंय. उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे. दोन्ही खांद्यांवर म्हणजे थांब, मला झाडामागे जायचंय. तैस्तो एकदा मान खालीवर करायचा. कळलं, एवढंच. आणि पुढे जिथे गाडी नीट उभी राहील तिथे थांबायचा. हा नियम हेल्मीचा होता. वाजतंय तर पुढे जायचं नाही.

मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागे असायचो, त्यामुळे रस्त्याकडेचं त्यांचं बोलणं मला पाठ आहे.

"थापेला वजन आलंय आज," तैस्तो म्हणायचा. "पाव कमी खा."

"पाव मी करते. तू कमी खा."

"कुठे वाजतंय?"

"गुडघ्याच्या खाली. माशीसारखं."

"माशी की गांधीलमाशी?"

"माशी. गेल्या वेळचाच आहे. तू नीट आवळला नव्हतास."

"आवळला होता."

"मग माशी खोटं बोलतेय."

तो गुडघे टेकायचा आणि स्क्रूड्रायव्हर काढायचा. प्लास्टिकवर त्याने विजेचं यंत्र कधी लावलं नाही. स्क्रूड्रायव्हर तीन बोटांत धरायचा, मुठीत नाही. मुठीत धरला की खांदा जोर लावतो, आणि खांद्याला प्लास्टिक कळत नाही, असं तो म्हणायचा. आधी उलटा फिरवायचा. आटा आट्यात बसल्याची टिचकी बोटांना लागली की मग सरळ. डोक्याखालचं रबरी वॉशर कडेने जरा फुगलं की हात काढायचा. त्याच्यापुढे पाव फेरासुद्धा नाही. मी लेथवर आयुष्य काढलं, मला हात कळतात. तैस्तोचा हात चांगला होता.

लाल रेषा हेल्मीची कल्पना. तुला कानाने कळत नाही तर डोळ्याने कळू दे, म्हणाली. स्क्रू आवळून झाला की ती नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली उघडायची आणि स्क्रूच्या डोक्यावरून खाली पॅनेलपर्यंत एक बारीक रेष ओढायची. रेष सलग दिसते तोवर स्क्रू हललेला नाही. तुटली, म्हणजे फिरला. ही युक्ती पुष्कळ लोक करतात, पण हेल्मीची रेष वेगळी ओळखू यायची. ब्रश उचलताना शेवटी डावीकडे एक बारीक आकडा राहायचा. नखांना तिने तो रंग कधी लावला नाही. पिठात जातो, म्हणायची. बाटली कायम हत्यारांच्या पेटीत.

मे महिन्यात आमच्या लुथरन चर्चच्या आवारात मोटारसायकलींसाठी प्रार्थना असते. पाद्री एकेका गाडीपुढे उभा राहतो, दोन शब्द म्हणतो, मग कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. एका वर्षी मोठ्या पुलाच्या पलीकडून, राज्याच्या खालच्या अर्ध्यातून, एकजण आला होता. त्या लोकांना आम्ही पुलाखालची भुतं म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. या भुताची गाडी तैस्तोसारखीच होती, नवी.

"माझा एकही स्क्रू हलत नाही," तो सांगत होता. "सगळ्यांना निळं औषध लावलंय."

हे निळं औषध छोट्या बाटलीत मिळतं. लोखंडात लोखंड असेल तर आट्यांवर एक थेंब पुरतो. आत घट्ट बसतो, मग धक्क्यांनी बोल्ट सुटत नाही. पण ते प्लास्टिकला लागलं की प्लास्टिक ठिसूळ होतं. लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी भोकाभोवती केसासारख्या चिरा येतात.

तैस्तो त्याच्या ओठांकडे बघत होता. "प्लास्टिकच्या स्क्रूंनापण?"

"सगळ्यांना. थेंबच लावलाय."

"प्लास्टिक थेंब मोजत बसत नाही, बाबा. पानगळीपर्यंत हे कवच तुझ्या मांडीवर येईल."

"तैस्तो," हेल्मी म्हणाली, "पाद्री प्रार्थना म्हणतोय."

"म्हणू दे. याला लागणार आहे ती."

पाद्रीसुद्धा हसला. ते भूत हसलं नाही.

दरवर्षी बर्फ पडायच्या आत शेवटची फेरी टोकाला. टोक म्हणजे आमची जमीन जिथे मोठ्या सरोवरात घुसून संपते ती जागा. पुढे फक्त पाणी. खडकावर बसून मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या करंजीसारख्या पेस्टी खायच्या, हेल्मीने कडा पाणपक्ष्यांना टाकायच्या, तैस्तोने म्हणायचं की कडच चांगली असते, तीच तू टाकतेस. मग घरी येऊन गाडी चादरीखाली. वर्ष संपलं.

एका पानगळीत ती दोघं गेली नाहीत. हेल्मीच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, काय असेल ते तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, अंगात तैस्तोचा जाड कोट, हातात लाल बाटली. तैस्तोने सगळे स्क्रू नव्याने आवळले होते, सगळे वॉशर नवे घातले होते. ती एकेक करून रेषा ओढत होती. मध्येच थांबायची, पोटावर हात धरायची, पुन्हा ओढायची.

"आत ये आणि दार लाव, विल्हो," ती मला म्हणाली. "रंग थंडीत दाटतो."

"हे वसंतात केलं तरी चालेल," मी म्हटलं.

"वसंतात मला बागेचं काम आहे."

शेवटची रेष डाव्या पॅनेलवर, गुडघ्याखाली. ती ओढून तिने बाटलीचं झाकण लावलं आणि गाडीकडे बघून म्हणाली, "पुढच्या वर्षी टोकाला जायचंय. तोवर कोणी हलायचं नाही."

"कोणाशी बोलतेस?" तैस्तोने विचारलं. ती पाठमोरी होती, त्याला कळलं नव्हतं.

"तुझ्याशी नाही."

मी त्याला सांगितलं ती काय म्हणाली ते. तो हसला. "ऐकतील," म्हणाला. "मी ऐकतो तर."

स्वादुपिंडाचा कर्करोग होता. सरोवरावरचा बर्फ फुटायच्या आधी हेल्मी गेली. आमच्याकडे हिवाळ्यात खड्डा खणता येत नाही, जमीन दगड होते. माणसाला दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि जमीन मऊ व्हायची वाट बघतात. तैस्तो रोज बर्फातून त्या खोलीपर्यंत चालत जायचा. दाराला कुलूप असायचं. दारापाशी उभा राहायचा आणि परत यायचा. मे महिन्यात एका रविवारी तिला पुरलं. त्याच रविवारी चर्चमध्ये मोटारसायकलींची प्रार्थना होती. तैस्तोने गाडी नेली नाही.

जूनमध्ये त्याने चादर काढली.

"टोकाला जाणार आहे," मला म्हणाला. "पानगळीत. हिच्या रेषांसकट. एकही तुटू द्यायची नाही."

"आताच जा की. रेषा ताज्या आहेत."

"टोकाला पानगळीतच जातात."

तोवर तो फक्त दफनभूमीपर्यंत जायचा आणि यायचा. पण तो रस्ता खडीचा. खडी गाडीला हातात धरून हलवते. महिन्याभरात तीन-चार रेषा तुटल्या. म्हणजे स्क्रूच्या डोक्यावरचा तुकडा एकीकडे, पॅनेलवरचा दुसरीकडे. तैस्तो स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, तीन बोटांनी फिरवायचा, आणि रेषेला रेष मिळाली की थांबायचा.

एकदा मी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बघितलं. रेष जुळली होती, पण स्क्रूच्या डोक्याखाली नख जाईल एवढी फट होती.

मी त्याच्या समोर गेलो. "पाव फेरा कमी पडतोय."

"रेष जुळली आहे."

"रबर दबून बसलंय, तैस्तो. रेष काढली तेव्हा ते नवं होतं. आता स्क्रू रेषेच्या पुढे जायला हवा."

"रेषेपुढे नाही."

"मग दुसरं वॉशर घाल आणि—"

"वॉशर घातलं की जागा बदलते. मग रेष जुळत नाही."

"नवी काढू."

त्याने पेटीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. उपडी केली तरी काही हललं नाही. तळाशी रंगाची वाळलेली खपली होती.

"दुकानात मिळते," मी म्हटलं.

त्याने पाठ फिरवली. वाद संपवायची त्याची हीच रीत होती. तोंड दिसलं नाही की त्याला ऐकू येत नसे.

ऑगस्टमध्ये मात्र तो स्वतःहून माझ्या अंगणात आला. "ये बघायला. पंधरा दिवसांत एक हलला नाही." मी गेलो. सगळ्या रेषा सलग होत्या. स्क्रूवर अंगठा दाबून बघितला, घट्ट. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी ऐकलं याने.

"आतून काही घातलंस?" मी विचारलं.

"बसलेत आता," तो म्हणाला आणि चादर ओढली.

आम्ही शनिवारी त्याच्याकडे सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायचो. बाक दोघांना पुरे, सरोवरापलीकडून कॅनडाचा वारा सुटला की तोच तिसरा होऊन दाराशी बसतो. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी त्याने तापल्या दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेतून माझ्याकडे वळला.

"उद्या टोकाला."

"येतो. टाकी भरून ठेवतो."

"तुझी गाडी नको. मागे बस."

"मागे म्हणजे?"

"मागे म्हणजे मागे. मागच्या सीटवर. तुझे कान चांगले आहेत."

"तैस्तो, माझं वजन माहीत आहे का तुला?"

"कारखान्यात वाघिणी उचलायचो आपण. चालेल."

"लोक हसतील."

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

सकाळी पेस्टी घ्यायला पेट्रोलपंपावर थांबलो. पंपावरची लीली आमच्या वर्गातली. काचेतून तिने आम्हाला एका गाडीवर येताना बघितलं आणि बाहेरच आली.

"विल्हो, नवरीची फुलं कुठे राहिली?"

"आधी पेस्टी दे."

"वरात कुठे निघाली?"

"टोकाला."

तिने तैस्तोकडे बघितलं. मग गाडीच्या मागच्या बैठकीकडे. आत जाऊन तिने पेस्टी बांधल्या. पैसे देताना तैस्तो तिला म्हणाला, "हा नुसता कान आहे." लीलीने मान हलवली आणि त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

हेल्मीच्या जागेवर बसणं सोपं नव्हतं. बैठक तिच्या अंगाने दबलेली होती, माझं अंग तिच्यात बसेना. पण हात कुठे ठेवायचे ते शोधावं लागलं नाही. डाव्या डब्याच्या झाकणावर तळव्याएवढी जागा निस्तेज झाली होती. चकाकी घासून गेलेली. उजवीकडेही तशीच. मी हात तिथे ठेवले.

निघालो. पानं पिवळी होती, बरीचशी रस्त्यावर. उजवीकडे झाडांमधून सरोवर. मी ऐकत होतो. इंजिन, वारा, टायर. बाकी काही नाही. पुढे तैस्तोची पाठ ताठ. दर थोड्या वेळाने तो खांदा जरासा मागे करायचा. मी काही करायचो नाही, तो पुन्हा पुढे बघायचा.

जुन्या खाणीच्या धुराड्यापुढे रस्ता उकरून ठेवला होता. तिथे चांगलेच धक्के बसले. ते संपले आणि डाव्या हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. मग कानाला. गुडघ्याखाली, माशी.

मी लगेच थाप मारली नाही. आवाज जाईल असं वाटलं. गेला नाही. थोड्या अंतरात त्याची गांधीलमाशी झाली.

टोक जवळ आलं होतं. शेवटच्या चढावर गेलं की दिसतं. मी गप्प बसलो असतो तर त्याला कळलं नसतं. तो पोचला असता, खडकावर बसला असता, पेस्टी खाल्ली असती. मला हे सगळं तिथे बसल्या-बसल्या कळत होतं. पण त्याने मला कान म्हणून बसवलं होतं. आणि वाजणारं पॅनेल सुटून मागच्या चाकात गेलं तर काय होतं ते मी बघितलेलं आहे.

मी त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली.

त्याची मान खालीवर झाली. लगेच. जणू तो वाटच बघत होता.

चढाच्या अलीकडे सरोवराला लागून लाकडी बाकं आहेत. तिथे थांबला. हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत एवढा मोकळा मी बघितला नव्हता.

"कुठे?"

"गुडघ्याखाली."

"माशी?"

"गांधीलमाशी."

"चुकतोयस तू." तो गुडघ्यांवर बसला. "रेषा बघ. जागच्या जागी आहेत."

होत्या. त्या पॅनेलच्या तिन्ही स्क्रूंवरच्या रेषा सलग होत्या. मी त्याचा हात धरला आणि पॅनेलवर ठेवला. पॅनेल हललं. रेषा हलल्या नाहीत.

त्याने हात काढून घेतला. मग स्क्रूड्रायव्हर काढला, तीन बोटांत धरला, सगळ्यांत खालच्या स्क्रूत बसवला आणि उलटा फिरवला. स्क्रू फिरला. त्याच्याबरोबर रेषही फिरली. आणि रेषेबरोबर नाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. स्क्रू बाहेर आला तेव्हा तुकडा त्याच्या डोक्याखाली चिकटलेला होता, आणि तुकड्याच्या कडेला वाळलेलं निळं औषध. पॅनेलमध्ये स्क्रूच्या जागी भोक उरलं. भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा.

दुसरा स्क्रू तसाच. तिसराही.

तो उठला आणि गाडीभोवती फिरला. ऊन तिरपं होतं, त्यात सगळं दिसत होतं. पुढच्या कवचावर, डब्यांवर, जिथे जिथे लाल रेष होती तिथे तिथे तिच्याभोवती केसासारख्या चिरा. लोखंडावरच्या तेवढ्या ठीक होत्या. त्याने एकेक बोटाने चाचपली. बोट मागे घेतलं की पुढच्याकडे जायचा.

मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"थेंबच लावला होता," म्हणाला.

चर्चच्या आवारात त्या भुताला त्याने यावर दिलेलं उत्तर मला आठवलं. ते मी त्याला दिलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"वाटलं, इथपर्यंत टिकेल. मला फार नको होतं. आजचा दिवस."

तो बाकावर बसला. मी पेस्टी काढल्या, त्याच्यापुढे एक ठेवली. तो जेवला, कारण जेवायची वेळ झाली होती. कड हातात उरली. ती घेऊन पाण्याच्या कडेला गेला. पण सरोवरावर एकही पाखरू नव्हतं. तो थोडा वेळ हात उचलून उभा राहिला, मग कड कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

पेटीतून काळी चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे बंद काढले. पॅनेल मी धरलं, त्याने बांधलं. काम त्याने नीट केलं. घाईत नाही, रागात नाही. बंद ओढून उरलेलं टोक कापलं, कापलेला तुकडासुद्धा खाली टाकला नाही. निघालेले तिन्ही स्क्रू, चिकटलेल्या तुकड्यांसकट, त्याने रुमालात घेतले. मी बघितलं. प्रत्येकावर रेष सबंध होती. डोक्यावरून तुकड्यावर उतरलेली, शेवटी डावीकडे आकडा. एकही तुटली नव्हती.

"चढ चढला की टोक," मी म्हटलं. "बांधलंय आता. सावकाश गेलो तर पोचू."

"बस. बघू वाजतंय का."

मी मागे बसलो, हात जागेवर ठेवले. त्याने इंजिन चालू केलं आणि बाकांपुढच्या मोकळ्या जागेत एक वळसा घेतला. बंद घट्ट होते, पण पॅनेल आता फुटकं होतं. फुटकं प्लास्टिक बांधलं तरी चिरेत वाजतं. मी डाव्या खांद्यावर थाप मारली.

रस्त्याच्या तोंडाशी तो थांबला. उजवीकडे चढ. डावीकडे घर. चढाच्या माथ्यावर नुसतं आकाश दिसत होतं. त्याने पाय टेकले आणि मान वळवली, माझे ओठ दिसतील एवढी.

"वाजतंय?"

"वाजतंय. पण पडणार नाही. मी धरून ठेवतो."

"वाजतंय तर पुढे जायचं नाही," तो म्हणाला आणि गाडी डावीकडे वळवली.

परतीच्या वाटेवर मी डाव्या हाताने पॅनेल दाबून धरलं होतं तरी गांधीलमाशी थांबली नाही. खाणीच्या धुराड्यापाशी त्याने खांदा जरासा मागे केला. त्याला काय हवंय ते मला कळलं. मी डाव्या खांद्यावर थाप मारली. त्याची मान खालीवर झाली, पण तो थांबला नाही. ओढ्यावरच्या पुलापाशी पुन्हा खांदा मागे आला. पुन्हा मी थाप मारली. मग लीलीच्या पंपापाशी. मग गावात शिरताना, चर्चच्या कोपऱ्यावर. प्रत्येक वेळी मान हलायची. कळलं, एवढंच.

त्याच्या गॅरेजमध्ये गाडी आत घेतली तेव्हा इंजिन बंद करायच्या आधी त्याने शेवटचा खांदा मागे केला. गाडी उभी होती. नुसतं इंजिन चालू होतं, आणि त्याने डावं पॅनेल अजून थरथरत होतं.

वाजत होतं. मी थाप मारली.